मी चाखलेली रेती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही — तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मुलांजवळ नाही, सुनांजवळ तर नाहीच. देवापुढे उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलून परत आले. त्याला माहीत असेल तर असो, मी आपण होऊन सांगितलेलं नाही.

मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांत माझं नाव चांगलं आहे. सरळ बाई, तोंडावर बोलणारी, पोटात काही न ठेवणारी. तोंडावर बोलते हे खरं आहे. पोटात काही ठेवत नाही हे खोटं.

कुठून सुरुवात करू? जिभेपासून करते.

माझा बाप ठाण्याच्या खाडीवर मिठागरात कामाला होता. खाडीचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ कधी धरणार ते ओळखायचं. बाप ते जिभेवर ओळखायचा. बोट बुडवून चाखायचा आणि सांगायचा, अजून दोन दिवस. मी त्याच्या मागे मागे हिंडायचे. आठ-नऊ वर्षांची झाले तसा तो मलाच विचारायला लागला, "काय गं, धरंल का?" मी सांगितलेलं बहुतेक वेळा बरोबर यायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा मास्तर घरी आले होते. पोरीला गणित चांगलं येतं, म्हणाले. बाप म्हणाला, तिला मीठ येतं. विषय संपला.

लग्न होऊन मी डोंबिवलीच्या पूर्वेला, मानपाड्याकडच्या एका गावात आले. नवऱ्याचं नाव गोमा. तेव्हा घेत नसे, आता घेते. पावसात भाताचं थोडं शेत, आणि बाकीचे आठ महिने तो गवंडी आणि मी त्याच्या हाताखाली बिगारी. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. कल्याणच्या कॅम्पात सिंधी लोक आले होते, बराकींतून बाहेर पडून घरं बांधत होते. डोंबिवली स्टेशनजवळ मुंबईचे नोकरदार प्लॉट घेत होते. ठाण्याला टेंभी नाक्याच्या बाजूलाही काम मिळायचं. आणि जो तो म्हणायचा, कौलं नकोत, स्लॅब पाहिजे.

काँक्रीटला आम्ही माल म्हणायचो. एक सिमेंट, दोन रेती, चार खडी. आधी रेती आणि सिमेंट कोरडंच उलटंपालटं करायचं, सगळ्याचा रंग एक होईपर्यंत. मग खडी. मग मधोमध आळं करून पाणी, तेही बेताचं. पाणी जास्त घातलं की कालवायला सोपं जातं आणि स्लॅब कच्चा होतो. आळशी बिगारी तेच करतात. मी कधी केलं नाही. अंदाजही मीच काढायला लागले — लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, शंभर घनफुटांना अठरा गोण्या, पंचेचाळीस फूट रेती, नव्वद फूट खडी. गवंडी बोटं मोजत बसायचे तोवर माझं उत्तर तयार. चौथीचं गणित मला तेवढ्यालाच उपयोगी पडलं.

आणि रेती. कल्याणच्या वरच्या अंगाला नदीची रेती गोडी असते. खाली खाडीत भरतीचं पाणी येतं, तिथली खारी. पावसाळा संपता संपता नदीला जोर असतो, तेव्हा खालूनसुद्धा गोडी रेती निघते. चैत्र-वैशाखात उलटं होतं, खार वर वर चढत जातो. खाऱ्या रेतीने काय होतं? पहिल्यांदा काहीच होत नाही. स्लॅब तितकाच पक्का दिसतो. मग दोन-चार पावसाळे गेले की आतल्या सळ्या गंजतात, फुगतात, आणि खालचं काँक्रीट सोलून काढतात. म्हणून मिस्त्री लोक गाडी उतरण्याआधी मला हाक मारायचे. चिमूटभर रेती जिभेवर ठेवायची, दाताखाली एकदा फिरवायची, थुंकायची, चूळ भरायची. मी खारी म्हटलं की गाडी परत. कुणी उलट विचारायचं नाही.

एवढं सगळं मला येत होतं, आणि आमचं घर कुडाचं. वर कौलं, त्यातली निम्मी फुटकी.

दुसऱ्यांचे स्लॅब भरता भरता मी माझाही हिशेब करून ठेवला होता. दहा बाय बाराची एक खोली. सात गोण्या, आणि वर थोडं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, तरी सात गोण्या कुठूनही झाल्या असत्या. गोमाला दोनदा बोलले. तो म्हणाला, "कौलं थंड असतात. स्लॅबाखाली मानूस भाजतो." त्याने आयुष्यभर लोकांचे स्लॅब भरले आणि स्वतःला नको म्हणाला. त्याला खरोखरच नको होता. त्याचा राग मी कुणावर काढणार?

आता चांगुणा सांगायला हवी.

चांगुणा माझी धाकटी जाऊ. माझा दीर बाळाराम ठाण्याच्या एका कापडगिरणीत लागला, पक्का झाला, आणि मग त्याचं लग्न झालं. चांगुणा टिटवाळ्याची. माहेरी दारात नदी, आंब्याची झाडं, चार भाऊ. ती आली तेव्हा तिचे हात बघितले मी. तळव्याला एक घट्टा नव्हता. माझे हात सिमेंटने खाल्लेले — बोटांच्या पेरांना चिरा, त्यात मीठ-मिरची गेली की जीव जायचा. ती दुपारी झोपायची. खळखळून हसायची. तिने कधी घमेलं उचललं नाही, आणि तिला कुणी उचल म्हटलंही नाही.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती. माहेरून आंबे आले की पहिली पाटी माझ्याकडे. मला बरं नसलं की माझी भाकर तिच्या चुलीवर. "आक्का, आक्का" करत मागे असायची. अशा बाईचा मत्सर करायला तुम्हाला स्वतःलाच काहीतरी कारण शोधावं लागतं, आणि कारण सापडत नाही म्हणून तो आणखी वाढतो. तिच्या साडीचा मत्सर केला, हसण्याचा केला, झोपेचा केला. ती झोपलेली असायची आणि मी मुद्दाम तिच्या खिडकीखाली भांडी घासायचे.

मग एक दिवस बाळाराम आला आणि ओट्यावर बसला. म्हणाला, "वयनी, स्लॅबाचं घर बांधायचं. परमिट मिलतंय. किती गोन्या लागतील?"

"किती मोठं?"

"वीस बाय पंधरा."

गावातला पहिला स्लॅब. वीस बाय पंधरा. मी कोळशाने जमिनीवर मांडलं. चार इंच जाडी धरली तर बरोबर शंभर घनफूट. अठरा गोण्या, आणि सांडलवंडीला एक. गावातला दुसरा एक गवंडी त्याला पंचवीस म्हणाला होता. बाळारामने माझं ऐकलं. चांगुणा दारात उभी होती, म्हणाली, "आक्का हाय तर आपल्याला कशाची कालजी?" मी मान खाली घालून कोळशाचे आकडे पुसले.

भिंती चढल्या. फळ्या ठोकल्या, सळ्या बांधल्या. वैशाख अर्धा होऊन गेला होता. पावसाआधी स्लॅब भरून व्हायला हवा, नाहीतर गोण्या पावसाळ्यात दगड होणार. राहिली होती फक्त रेती.

रेती आणली पोशा नाखवाने. पोशा खाडीवरचा कोळी, होडीतून रेती काढून विकायचा. बादली घेऊन पाण्यात डुबी मारायची, तळाची रेती भरायची आणि वर यायचं, असं काम. कानात कापूस घालून फिरायचा, त्यामुळे जरा मोठ्याने बोलायचा. खाडीच्या बंदरावरून दोन बैलगाड्या रेती यायची होती. पहिल्या गाडीबरोबर तो स्वतः आला. अंगणात गाडी उभी केली आणि उतरवायच्या आधी मला हाक मारली.

"बाय, वैशाखाची रेती हाय. मी वरच्या अंगालाच डुबी मारलीय, पन खार कुठवर चढलाय त्याचा नेम नाय. चाखून घे. खारी असंल तर दोन्ही गाड्या परत नेतो."

हे तो बोलला. शब्द न शब्द बोलला. मोठ्याने बोलला.

मी चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. तेवढ्यात चांगुणा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्या चुळीसाठी. ती सगळीकडे कौतुकाने बघत होती — गाडीकडे, सळ्यांकडे, माझ्याकडे. मला म्हणाली, "आक्का, स्लॅब झाला ना, की तुझं वाळवन तू वरच टाकत जा. तुझी सुकट, मिरची, सगलं वर. आपलाच हाय तो."

चांगलंच बोलली ना? मला अंगण पुरत नाही, कोंबड्या तोंड घालतात, हे तिने लक्षात ठेवलं होतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं? की मी बांधणार, मी कालवणार, आणि मग तिच्या घराच्या डोक्यावर मला सुकट वाळवायची परवानगी मिळणार.

रेती खारी होती. संशय घ्यावा अशीसुद्धा नव्हती. शाळकरी पोराला कळली असती.

मी मागे वळून चूळ भरली, थुंकले, तोंड पुसलं आणि म्हटलं, "गोडी हाय. उतरव."

एवढंच. एक शब्द. तुम्हाला वाटेल, रागाच्या भरात गेला असेल तोंडातून. दुसरी गाडी संध्याकाळी आली. मधे अख्खी दुपार होती. मी जेवले, भांडी घासली, बसले. संध्याकाळी बाळाराम म्हणाला, ही पन चाखतेस का? मी म्हटलं, एकाच होडीची आहे, काय चाखायचं?

आणि दुसरं काही करता आलं नसतं असंही नाही. पोशा गाड्या परत नेणार होता. विहिरीला पाणी कमी होतं, रेती धुता आली नसती, हे खरं. पण चांगुणाचं माहेर नदीवर. मी खारी म्हटलं असतं तर तिच्या भावांनी चार दिवसांत टिटवाळ्याहून गोडी रेती आणून टाकली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. बोलताना माहीत होतं.

स्लॅब भरला त्या दिवशी गाव लोटलं होतं. नारळ फोडला, बायकांची रांग लावली, घमेली हातोहात वर. माल मी कालवला. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. पाणी बेताचं, रंग एक, खडी सारखी. अठरा गोण्या लागल्या, एकोणिसावीची शिवणसुद्धा उसवावी लागली नाही. बाळाराम सगळ्यांना सांगत होता, आमच्या वयनीचा अंदाज. मी आयुष्यात कालवलेला तो सगळ्यात चांगला माल. पुढे चौदा दिवस वर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलं, तेही मीच. का केलं? पश्चात्तापाने केलं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. मला हात चोरून काम करता येत नाही, एवढंच ते होतं.

मी वर वाळवण टाकायला जाऊ लागले. पहिल्यांदा वरून बघितलं तेव्हा आमचं घर किती लहान आहे ते दिसलं. कौलांवर शेवाळ, एका बाजूला दबलेलं, कुणीतरी पाय दिल्यासारखं. मी रोज बघायचे. सुकट उलटवायची आणि बघायचं.

तीन पावसाळे गेले. चौथ्यात चांगुणाच्या छताला खालून रेषा दिसायला लागल्या. तांबूस, सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. चांगुणाला वाटलं ओल आली, तिने चुना मारला. दिवाळीपर्यंत रेषा पुन्हा वर. मला बघताक्षणी कळलं, त्या जिथे जिथे आहेत तिथे तिथे सळई आहे. सळ्या बांधताना मीच तार धरली होती, मला त्या न बघता मोजता आल्या असत्या.

तेव्हा तरी बोलायचं होतं. खरं नाही सांगायचं तर नको, निदान एवढं — याखाली झोपू नका, याखाली चूल मांडू नका. मी दुसऱ्याच्या घरात बघितलं असतं तर तिथल्या तिथे ओरडले असते. इथे मी वर्षभर रेषा रुंद होताना बघत राहिले. चहा प्यायला बसायचे तिच्याकडे, आणि बसताना कुठे बसायचं ते ठरवून बसायचे. समजलं ना? स्वतःपुरती जागा मी बघून घेत होते.

एका सकाळी चुलीवरचा भाग सुटला. चांगुणा भात वेळून पेज काढत होती. वाचली, पण डाव्या मनगटावर ढेप बसली. हाड मोडलं. हाडवैद्याने बसवलं ते वाकडंच बसलं. त्यानंतर तिला भरलेला हंडा कधी उचलता आला नाही. तिचं पाणी मी भरायला लागले. बायका विहिरीवर म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी.

बाळारामने ठाण्याहून ओळखीचा एक ओव्हरसियर आणला. त्याने हातोडीने ठोकून बघितलं, पडलेला तुकडा फोडला, गंजलेली सळई नखाने खरवडली. म्हणाला, खाऱ्या रेतीचं काम आहे, हे उतरवा. तो गेला आणि बाळाराम तसाच बंदरावर जाऊन पोशाला घेऊन आला. अंगणात दहा-बारा माणसं जमली.

"पोशा, खारी रेती घातलीस माझ्या घरात."

पोशाला आधी नीट ऐकू आलं नाही. मग कळलं तसा तो म्हणाला, "मी काय बोललेलो? चाखून घ्या बोललेलो. खारी असंल तर नेतो बोललेलो. बायनं चाखली. इचार तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चांगुणा पण, हात गळ्यात बांधलेला.

इथे मी अडते दर वेळी. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथे येऊन अडते. रेतीचं खोटं मी एकदा बोलले, मत्सराने बोलले. दुसरं जे बोलले ते भीतीने बोलले, आणि ते त्याहून वाईट.

मी म्हटलं, "मी पहिली गाडी चाखली, ती गोडी होती. दुसरी मी चाखलेली नाय. दुसरीत यानं काय भरलं ते मला काय ठाऊक?"

पोशा माझ्याकडे बघत राहिला. तो भांडखोर माणूस नव्हता. मला वाटतं त्याला त्याच वेळी सगळं समजलं असावं. नुसतं म्हणाला, "बाय, एकाच जाग्याची होती गं दोन्ही." बाळारामने त्याला पायरीवरून ढकललं. कुणीतरी म्हणालं, होडी फोडा याची. फोडली नाही, फोडायची गरजच पडली नाही. त्या हंगामापासून आसपासच्या पाच-सहा गावांत त्याची रेती कुणी घेतली नाही. जिथे जाईल तिथे आधी हीच गोष्ट पोचलेली. होडी विकून तो दुसऱ्याच्या होडीवर डुब्या मारायला लागला. त्या वयात.

गोमा जेवताना फक्त एवढं म्हणाला, "तुझी जीभ कधी चुकली नाय." वर मान केली नाही. पुन्हा कधी तो विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

स्लॅब उतरवला. मीच घमेली भरत होते. नवी कौलं येईपर्यंत पाऊस लागला, आणि बाळाराम, चांगुणा आणि त्यांची दोन पोरं माझ्या घरात राहायला आली, माझ्या फुटक्या कौलांखाली. मी त्यांना आतली खोली दिली. आणि तुम्हाला खरं सांगायचं म्हणून सांगते आहे तर हेही सांगते — मला बरं वाटलं. चांगुणा माझ्या चुलीपुढे, माझ्या पाटावर, एका हाताने कांदा सोलायची धडपड करत बसलेली, आणि मी तिला म्हणत होते, राहू दे, मी करते. इतकी वर्षं ज्याने आत कुरतडलं होतं ते शांत झालं होतं. मी चार महिने गाढ झोपले.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. तिने एका हाताने सूप धरता येत नाही म्हणून ते मांडीला टेकवलं होतं. निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "आक्का, एक सांगू? कुनाला बोलू नको."

मी म्हटलं, सांग.

"त्या दिवशी तू मागं वलून थुकलीस ना, तवा मी पन एक चिमूट तोंडात टाकली. पहिल्या गाडीतली. गंमत म्हनून. तू कशी चाखतेस बघायला." मग म्हणाली, "मला खारट लागलेली."

मी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मी बोलनार होती. पन तू गोडी बोललीस, आनि तुझ्यापुढं मी काय बोलनार रेतीतलं? मी गप बसली. आता वाटतं, त्या पोशाची काय चूक नव्हती. तू पन मानूस हायस, एखाद वेळी चुकली असशील. पन मला तर कललेलं ना. मी बोलली असती तर त्याचं नुकसान झालं नसतं. माझ्यामुलं झालं. यांना सांगू का मी? पोशाकडं जाऊन येऊ का?"

बघा, तिने मला केवढी जागा करून दिली होती. तू माणूस आहेस, चुकली असशील. मी नुसतं 'हो, चुकले असेन' म्हटलं असतं तरी पोशा सुटला असता. खरं बोलायचीही गरज नव्हती. अर्ध्या खऱ्यावर भागलं असतं. पण माझी जीभ चुकली, असं गावाने म्हणायचं? तेवढंही मला देववलं नाही.

मी म्हटलं, "तुझ्या बोटाला घाम होता. वैशाखाचं ऊन, तू आतून चुलीपुढून उठून आलेली. घामच लागला तुला."

तिने बोटांकडे बघितलं. मोडक्या हाताच्या नव्हे, उजव्या. बघून म्हणाली, "तसंच असंल." आणि हसली. सुटल्यासारखी हसली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

पुढे तिने ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली, चेष्टा म्हणून. हळदीला, पापड लाटताना, सुनांच्या पुढे. मला बाई घामाची नि रेतीची चव कलत नाय, आमच्या आक्काला इचारा. बायका हसायच्या. मी पण हसायचे. किती वर्षं हसले.

पोशा गेला तेव्हा आमच्या गावातून मातीला कुणी गेलं नाही. मी बंदरापर्यंत गेले आणि परत आले. चांगुणाला जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटचे तीन दिवस मी तिच्या उशाशी होते. ती शुद्धीवर होती. चांगला हात माझ्या हातात देऊन पडायची, बारीकसारीक काहीबाही बोलायची. खोलीत पुष्कळदा आम्ही दोघीच असायचो. तीन दिवस मला तोंड होतं आणि तिला कान होते.

तिच्या बोटाला घाम नव्हता. पोशाने फसवलं नव्हतं. माझी जीभही चुकली नव्हती. चांगुणाला स्लॅब मिळतोय हे मला बघवलं नाही, म्हणून मी गोडी म्हटलं.